फळ्यावर उमटलेलं वाक्य

६ ऑगस्ट

दादा, नमस्कार.

परवा फोनवर मी विचारलं, "गुडघा कसा आहे?" आणि तू म्हणालास, "हो, कालच आणला." काय आणलास ते विचारायचं धाडस मी केलं नाही. पत्रच बरं. तुझे कान थकलेत, डोळे तर शाबूत आहेत ना!

आमच्या शाळेत नवीन खूळ आलंय. वर्गात स्मार्ट बोर्ड होताच, आता शिक्षकाच्या कॉलरला बिनतारी माइक लावायचा. आपण बोलत जायचं आणि बोर्डाच्या खालच्या पट्टीवर ते अक्षरांत उमटत जातं. आठवीत एक मुलगी आहे, तिला फार कमी ऐकू येतं. कानात यंत्र असतं, पण वर्गाच्या गलक्यात त्याचा उपयोग शून्य. ओठ बघून समजून घेते बिचारी. मी फळ्याकडे तोंड करून बोलले की तिचं सगळं बुडतं. तिची आई कपडे शिवते. ती मोठ्या बाईंकडे खेटे घालून थकली, तेव्हा संगणकाच्या सरांनी हे बसवून दिलं.

पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "वनस्पतींची मुळं पाणी शोषतात." बोर्डावर आलं, "वनात पतीची मुलं पाणी शोषतात." वर्ग लोळायचा बाकी राहिला! मीही हसले. आणि दादा, ती मुलगीही हसली. एरवी वर्ग हसला की ती आधी इकडेतिकडे बघते आणि मग उशिरानं हसते. त्या दिवशी सगळ्यांच्या आधी हसली. दुसऱ्या दिवशी तर हात वर करून विचारलं, "बाई, पाणी कुठे आहे ते मुळांना कसं कळतं?" गेल्या वर्षी सातवीत माझ्या वर्गात आल्यापासून तिचा हा पहिला प्रश्न. मला उत्तर येत नव्हतं, घरी येऊन पुस्तक उघडावं लागलं.

एवढं सगळं खरं असलं तरी मी मेटाकुटीला आलेय. सावकाश बोला, वाक्य पूर्ण करा, एका वेळी एकानंच बोला. सहामाही तोंडावर आली आणि माझा निम्मा पोर्शन पडून आहे. इतकी वर्षं तोंडाचा पट्टा चालवून शिकवलं, आता या वयात बोलायला शिकायचं.

वहिनीला नमस्कार.

तुझी चिमी

१५ ऑगस्ट

चिमे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा पतीच्या मुलांसाठी आणि एकदा त्या पट्टीसाठी.

माझं मत तुला ठाऊक आहे. आयुष्यभर शाळा तपासल्या. ज्याला शिकवता येतं त्याला खडू पुरतो आणि ज्याला येत नाही त्याला विमान दिलं तरी तो जमिनीवरच फिरवणार. पण हे बोललेलं लगेच लिहून येतं म्हणजे नक्की कसं? बोलणारा थांबावा लागतो का? दोघं एकदम बोलले तर? सहज विचारतोय.

आमच्याकडे जेवायला बसलो की चौघं एकदम बोलतात. मी मान हलवतो. गेल्या आठवड्यात अशीच मान हलवली आणि नंतर कळलं की माझी खोली पोपटी रंगवायला मी होकार दिलाय. रंगारी येऊनही गेला. आता पोपटाच्या पोटात झोपल्यासारखं वाटतं.

एक गोष्ट तुलाच लिहितो, वहिनीलाही सांगितलेली नाही. सूनबाई तशी मायाळू आहे. पण परवा मला काहीतरी दोन-तीनदा सांगून झालं आणि मग ती आत वळून म्हणाली, "बहिऱ्याशी कोण डोकं लावणार!" बाकी काही ऐकू येत नाही, चिमे, हे मात्र स्वच्छ ऐकू आलं. मी पेपर तोंडासमोर धरून बसलो. राग नाही आला. लाज वाटली. कशाची लाज ते कळत नाही, मी काही कुणाचं चोरलेलं नाही. पण तेव्हापासून मी जेवायला सगळ्यांच्या आधी बसतो, एकटा.

त्या मुलीला प्रश्न विचारू देत जा. उत्तर आलं नाही तरी चालेल.

दादा

३ सप्टेंबर

दादा,

लिहू की नको असं चार दिवस चाललं होतं. पण दुसऱ्या कुणाशी बोलू?

त्या यंत्रानं माझी पुरती अब्रू घालवली. शुक्रवारी आठवीवर तास चालू होता. मुलं खिडकीतून मैदानाकडे बघत होती. मी म्हटलं, "बाहेर ध्यान देऊ नका." यंत्रानं लिहिलं, "बहिरं ध्यान." एवढ्या मोठ्या अक्षरांत, सगळ्या वर्गासमोर. त्या मुलीनं वाचलं आणि मान खाली घातली ती तास संपेपर्यंत वर केली नाही. वनात पतीला हसणारा वर्ग, त्या दिवशी एकही मूल हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. कामावरून उठून आली असावी, बाहीला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले होते. मोठ्या बाईंच्या समोर तिनं मला विचारलं, "बाई, तुम्ही असं म्हणालात का?" मी सांगितलं, यंत्र चुकलं. मोठ्या बाई लगेच म्हणाल्या, "बघा, मी म्हटलंच होतं. हे यंत्र काहीच्या बाही लिहितं." आई म्हणाली, "बरं." आणि गेली. भांडली असती तर परवडलं असतं.

आता शिक्षकांच्या खोलीत मी गेले की बोलणं थांबतं. तीस वर्षांच्या नोकरीचं हे फळ. मी दोन दिवस नीट जेवलेलेही नाही.

चिमी

८ सप्टेंबर

चिमे,

तुझं पत्र वाचून माझं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही.

माझी बहीण एका लेकराला असं बोलेल? ज्या घरात आपण वाढलो तिथे नोकराला अरे म्हटलं तरी वडील ताटावरून उठवायचे. आणि एका खोक्याच्या चुकीपायी तू तोंड लपवून फिरायचं? अजिबात नाही. तू पहिल्यासारखी ताठ मानेनं वर्गावर जा.

तुमच्या संस्थेचे चिटणीस माझ्या हाताखाली तयार झालेले आहेत. त्यांना मी आजच सविस्तर लिहिलंय. जे यंत्र एका अधू मुलीला भर वर्गात 'बहिरं ध्यान' म्हणतं ते वर्गात ठेवायचं कोणत्या हिशेबानं? आणि ते ज्यानं बसवलं त्याला कोणी जाब विचारलाय की नाही? चिटणीस माझा शब्द खाली पडू देणार नाहीत.

पोटभर जेव. मी आहे.

दादा

२८ सप्टेंबर

दादा,

तुझं पत्र येऊन खूप दिवस झाले. रोज कागद घेऊन बसत होते आणि उठत होते.

चिटणीसांनी तुझा शब्द खाली पडू दिला नाही. शाळेतल्या ज्या तीन वर्गांत माइक होते, तिथले सगळे चौकशी होईपर्यंत काढून घेतले. कपाटात ठेवून कुलूप लावलंय. ती मुलगी पुन्हा माझ्या ओठांकडे बघत बसते. मी फळ्याकडे वळले की ती शेजारणीच्या वहीतून उतरवून घेते, आणि शेजारीण जे चुकीचं लिहिते तेही उतरवते. हात एकदाही वर गेलेला नाही. परवा वर्ग कशाला तरी हसला. तिनं इकडेतिकडे बघितलं, आणि मग हसली.

नुकसान तिचं एकटीचंही नाही. एका मुलाला माझं भरभर बोलणं झेपायचं नाही, तो पट्टी वाचून सावकाश लिहून घ्यायचा. आता तो पेन खाली ठेवून बसतो. मी कधी लक्ष दिलं नव्हतं. ती पट्टी बंद झाल्यावर कळलं की ती कोण कोण वाचत होतं.

संगणकाच्या सरांना लेखी खुलासा मागितलाय. त्यांची नेमणूक अजून कायम झालेली नाही. काल ते माझ्याकडे आले. दारात उभे राहून म्हणाले, "बाई, माझंच काही चुकलं असणार. तुमचा आवाज जरा घोगरा आहे, मी दुसरा माइक आणून बघू का?"

दादा, यंत्र चुकलं नव्हतं.

मी 'बाहेर ध्यान' असं काही म्हटलंच नव्हतं. मुलांना चित्र काढायला सांगून मी व्हरांड्यात गेले. तिथे चित्रकलेच्या बाई उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "कुठवर आलाय पोर्शन?" आणि मी म्हटलं, "कसला पोर्शन! त्या बहिऱ्या ध्यानापायी अख्खा वर्ग रखडलाय. यांच्यासाठी वेगळ्या शाळा असतात ना? मग आमच्याच गळ्यात कशाला?" माइक कॉलरलाच होता. मी आत आले तेव्हा सगळं वाक्य फळ्यावर होतं. काना, मात्रा, वेलांटी, सगळं जागच्या जागी. यंत्रानं इतकं शुद्ध त्याआधी कधी लिहिलं नव्हतं.

मुलांनी पूर्ण वाचलंय. त्यांना मी काय सांगितलं माहीत आहे? "बघा, कसं वेड्यासारखं लिहितं हे." चाळीस तोंडं माझ्याकडे बघत होती आणि एकालाही ते पटलेलं नव्हतं. फक्त मोठ्या माणसांना पटलं, कारण आम्हाला ते सोयीचं होतं.

तुला खरं लिहिणार होते. पण तुझं आधीचं पत्र समोर होतं, सूनबाईचं वाक्य असलेलं. तू पेपरामागे तोंड लपवलंस ते वाचून मी रडले होते, आणि त्यानंतर पंधरा दिवसांत माझ्या तोंडून तोच शब्द निघाला. तुला काय लिहायचं होतं मी? तुला दुखवायला नको म्हणून खोटं लिहिलं.

आता तू म्हणशील ते करते.

चिमी

५ ऑक्टोबर

चिमे,

पत्र मिळालं. आज काही लिहवत नाही.

दादा

१९ ऑक्टोबर

चिमे,

आधी वाईट ते लिहितो.

मला दुखवायला नको म्हणून खोटं लिहिलंस, हे मला पटलेलं नाही. त्या मुलीच्या आईला खोटं सांगितलंस तेव्हा कुठे मी मध्ये होतो? तू स्वतःला वाचवलंस. माणूस वाचवतो स्वतःला, मी त्याचं फार भांडवल करत नाही. पण त्यावर माझं नाव घालू नकोस.

आता माझं. मी तपासनीस होतो. एका बाजूचं ऐकून शेरा मारायचा नाही, हे मी दुसऱ्यांना शिकवत आलो. तुझं पत्र आलं आणि मी एकही प्रश्न विचारला नाही. सरांना विचारलं नाही, त्या मुलीच्या आईला विचारलं नाही. त्या मुलीला विचारावं असं तर मनातही आलं नाही. माझ्याच जातकुळीची ती, तरी तिचं ऐकायचं मला सुचलं नाही. बहिणीची बाजू घेतली आणि त्या पोरीचे होते ते कान काढून कपाटात टाकले. 

म्हणून पत्र न लिहिता मी स्वतः चिटणीसांकडे गेलो. बसनं, एकटा. वहिनीला सांगितलं असतं तर तिनं जाऊ दिलं नसतं.

त्यांनी मोठ्या मानानं बसवलं आणि बोलायला लागले. दोन पंखे गरगरत होते, बाहेर हातोडा चालू होता. मला अवाक्षर कळेना. सवयीनं मान हलवायला लागलो. मग मनात आलं, याच मानेनं पोपटी रंग आणला. आता आणखी कशाला होकार देतोय कुणास ठाऊक. मी म्हटलं, "थांबा. मला ऐकू येत नाही." चिमे, हे वाक्य मी परक्या माणसापुढे पहिल्यांदा बोललो. घरच्यांपुढेही कधी बोललो नव्हतो. 

 चिटणीसांनी खिशातून फोन काढला, त्यावर काहीतरी केलं आणि टेबलावर माझ्यापुढे ठेवला. ते बोलले आणि काचेवर अक्षरं आली, "सर, इतके दिवस बोलला का नाहीत?" जी वस्तू बंद करा म्हणून मी त्यांना पत्र लिहिलं, तीच त्यांनी माझ्यापुढे ठेवली. मला वर बघवेना.

मी सांगितलं की माझी तक्रार चुकीची होती. यंत्र बरोबर लिहीत होतं आणि सरांचा काही दोष नाही. काचेवर आलं, "मग चूक कोणाची?" मी म्हटलं, "ते मी सांगणार नाही. जिची आहे ती येऊन सांगेल."

माइक सोमवारी परत लावतील. सरांकडे मागितलेला खुलासाही रद्द झालाय. जेवढं मी मोडलं होतं, तेवढं मी दुरुस्त केलं. तुझं तू बघ. म्हणशील ते करते असं लिहिलंस. मी काही म्हणणार नाही.

दादा

२ नोव्हेंबर

दादा,

तुझं पत्र वाचलं. पहिल्या भागात मी खोडून काढावं असं एकही वाक्य नाही.

सोमवारी सकाळी आधी मोठ्या बाईंकडे गेले. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता मिटलंय ना, कशाला उकरता? शाळेचं नाव जाईल." मी म्हटलं, सरांचं जात होतं तेव्हा कुणी अडवलं नाही.  या महिन्याअखेर आठवीचा वर्ग माझ्याकडून काढून दुसऱ्या बाईंना देणार आहेत. ठीक आहे. तक्रार करायला मला तोंड नाही.

सरांना व्हरांड्यात गाठलं. ते ऐकून घेत माइकच्या चार्जरची वायर बोटाला गुंडाळत राहिले. म्हणाले, "बाई, माइक कपाटात जायच्या आधी मी तो घरी नेऊन तीन-तीनदा तपासला. मला वाटलं, मला काही येतच नाही." एवढंच. मग माझ्या कॉलरला माइक लावायला पुढे आले आणि मध्येच थांबून म्हणाले, "तुम्हीच लावा." त्यांचं बरोबर आहे.

त्या मुलीच्या आईकडे संध्याकाळी जाऊन आले, ते पुढच्या पत्रात लिहीन. पण आधी वर्ग होता. वर्गात जे झालं ते वर्गातच सांगायला हवं, असं मला वाटलं.

मी मुलांकडे तोंड करून उभी राहिले. ती पहिल्या बाकावर होती. माझ्या ओठांकडे नव्हती बघत, पट्टीकडे बघत होती. मी सावकाश बोलायला लागले आणि पाठीमागे ते उमटत गेलं. मला दिसत नव्हतं, पण मुलांचे डोळे डावीकडून उजवीकडे सरकताना दिसत होते. "त्या दिवशी फळ्यावर आलं ते यंत्राचं नव्हतं. ते मी बोलले होते. नंतर मी यंत्रावर ढकललं. तुमच्याशी खोटं बोलले आणि तुम्हाला ते माहीत होतं. हे यंत्र माझ्यामुळे बंद पडलं." मग तिच्याकडे बघून म्हटलं, "मी तुझी माफी मागते. तू माफ करायलाच हवंस असं नाही."

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मान खाली घालेल. दादा, 'मला वाटलं होतं' हे लिहितानाही लाज वाटते, कारण मनात कुठेतरी मी तिच्याकडून काहीतरी मिळायची वाट बघत होते. ती "असू दे, बाई" म्हणेल आणि मला मोकळं वाटेल, असं काहीसं.

ती उठून उभी राहिली. तिचा आवाज थोडा अडखळत येतो, पण वर्ग इतका शांत होता की शेवटच्या बाकापर्यंत गेला. माइकनंही तो उचलला. ती म्हणाली, "बाई, तुम्ही मागच्या वर्षीपण म्हणायचात. व्हरांड्यात, त्या बाईंशी. मला लांबून ओठ कळतात. तेव्हा ते फक्त मला दिसायचं."

मी मागे वळून बघितलं. ते पट्टीवर आलं होतं. पुन्हा एकही चूक नव्हती.

आठवतंय का, तू विचारलं होतंस, लाज कशाची ते कळत नाही. तुझी नव्हती ती, दादा. माझी होती, माझ्यासारख्यांची होती, आणि तू ती पेपरामागे धरून बसला होतास. त्या मुलीनं तर वर्षभर पहिल्या बाकावर बसून, माझ्याकडे बघत, ती एकटीनं वागवली.

ती अजून उभीच होती. "आता धडा घेणार का, बाई?"

"हो," मी म्हटलं. फळ्यावर तेवढंच उमटलं.

चिमी